सव्वापट वेगाचा ख्याल

आमच्याकडे वर्षातली उत्तम ध्वनिमुद्रणं सरकीने निवडतात. शाळेतल्या एका मैत्रिणीला मी हे एकदा लिहून पाठवलं, तर तिला वाटलं मी काहीतरी चुकीचं टाइप केलं. चुकीचं नव्हतं. कापसातून निघते ती, अंगावर पांढरी लव असलेली सरकी. ज्याला जे गाणं आवडलं त्याच्या वाटीत त्याने सरकी टाकायची.

पूर्वी तूर वापरायचे म्हणे. पण स्टीलच्या वाटीत तूर पडली की टण्‌ आवाज होतो, आणि ही माणसं कानाची इतकी तिखट की पडद्यामागे कोणी कोणत्या वाटीत किती दाणे टाकले ते बाहेर बसून मोजायची. एसटीच्या डेपोत मेकॅनिक असलेले काका तबला वाजवतात. त्यांनी एकदा सगळ्यांची मतं मोजणीच्या आधीच सांगून टाकली. दुसऱ्या दिवशी सरांनी तूर बंद केली. सरकी पडली की काही ऐकू येत नाही.

सर म्हणजे बोरगाव मेघेत आमच्या मागच्या गल्लीत राहणारे, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. वडिलांची आणि त्यांची सकाळी फाटकाशी 'जयभीम' होते, त्याच्यापुढे बोलणं फारसं जात नाही. त्यांच्या पुढच्या खोलीत दरवर्षी दिवाळीनंतरचे तीन रविवार चार जण बसतात: सर, मेकॅनिक काका, शाळेत संगीत शिकवणाऱ्या मॅडम, आणि जाम गावच्या चौकात शेतीच्या अवजारांचं दुकान असलेले शेठजी. सरकी शेठजी आणतात. दर रविवारी सहा ध्वनिमुद्रणं ऐकायची, त्यातली तीन निवडायची. तीन त्रिक नऊ. ही नऊ नावं, प्रत्येकाखाली चार ओळी, अशी एक चारपानी पुस्तिका निघते आणि पोस्टाने विदर्भभर जाते. मुंबई-पुण्यात तिला कोणी विचारत नसेल. पण गावोगावी गाण्याचे लहान कार्यक्रम ठेवणारी मंडळं ती जपून ठेवतात आणि पुढच्या वर्षी कोणाला बोलवायचं ते त्यातून ठरवतात. एखाद्या नव्या गायकाला त्यात जागा मिळाली की त्याला चार गावांतून फोन येतात. न मिळाली तर येत नाहीत.

मी तिथे गेले कारण मला बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण लोकांसमोर नाही. दोन वर्षांपूर्वी सरांना फोन आणि स्पीकर सांभाळायला कोणीतरी हवं होतं. वडील म्हणाले, "आमची पोरगी घरीच असते, परीक्षेचा अभ्यास करते. पण ती काही बोलत नाही."

"बोलत नाही? मग उद्याच पाठवा," सर म्हणाले. "बोलणारे आमच्याकडे चार आहेत."

काम सोपं होतं. वर्षभरात जे काही मुद्रित होऊन आलं त्यातून सर आणि मॅडम सोळा काढायचे. सरांचा नियम असा की कलावंत जिवंत हवा आणि मुद्रण यंदाचं हवं. "मेलेल्यांशी कोणाची स्पर्धा लावायची नाही," असं ते म्हणायचे, "ते दरवर्षी जिंकतात." शेवटच्या रविवारच्या दोन जागा मात्र मोकळ्या ठेवायच्या: कलावंतांनी स्वतः पाठवलेल्या फाइल्सपैकी सगळ्यांत शेवटी आलेल्या दोन थेट तिथे लावायच्या, आधी कोणी ऐकायच्या नाहीत. सगळ्यांना मी आकडे द्यायचे आणि आकड्यानेच वाजवायचे. नाव, गाव, घराणं फक्त माझ्या वहीत. ऐकताना कोणी बोलायचं नाही, मध्येच बंद करायचं नाही, आणि एकदा वाटीत पडलेली सरकी परत उचलायची नाही. हा शेवटचा नियम सरांनी भांडून भांडून केला होता, कारण शेठजी दरवर्षी चहानंतर मत बदलायचे.

मी कोपऱ्यात बसून गाण्यापेक्षा माणसांकडेच जास्त बघायचे. मॅडम डोळे मिटून एक हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायच्या, जणू तिथे काय चाललंय ते हाताला कळणार होतं. काका तळहात मांडीवर उपडा ठेवायचे आणि सम आली की करंगळी उचलायचे, फक्त करंगळी. सर पंख्याकडे बघायचे. शेठजी सुरुवातीला ताठ बसायचे. गाणं आवडलं की हळूहळू पुढे झुकायचे, नाही आवडलं की मागे. तिसऱ्या मिनिटाला मला त्यांचं मत कळायचं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी सिनेमाची गाणी. मींड, उसंत, ठहराव हे शब्द मी त्या खोलीत पहिल्यांदा ऐकले आणि ज्या गाण्यावरून ऐकले त्या गाण्यासकट लक्षात ठेवले. दोन वर्षांत मला बरंच काही आवडायला लागलं होतं. ते कोणाला सांगायची वेळ आली नव्हती, आणि मला तेच बरं वाटत होतं.

यंदाच्या शेवटच्या रविवारी त्या दोन फाइल्समधली एक सतार होती आणि दुसरा बाईच्या आवाजातला ख्याल. ख्याल गाणारी बाई शेजारच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत नोकरी करते. हे तिचं पहिलंच मुद्रण, बँकेच्या सुट्ट्या जमवून केलेलं. फाइलबरोबर तिने दोनच ओळी लिहिल्या होत्या, की पंधरा वर्षं शिकते आहे आणि आता कुठे लोकांपुढे यावं असं वाटतंय. ते फक्त मी वाचलं होतं. बाकीच्यांसाठी ती चार नंबर होती. सतार सहा नंबर.

चार नंबर संपला. सगळ्यांनी आपापलं मत चिठ्ठीवर टिपलं, मग सरांनी बोलायची परवानगी दिली.

"आवाज गोड आहे हो," मॅडम म्हणाल्या, "पण काय ही घाई! एक सूर लावला की दुसऱ्यावर उडी. कुठे टेकायला तयार नाही."

"बस सुटून राह्यली असंन तिची," काका म्हणाले. "अन्‌ तबलेवाला? त्याच्या मागं तं कुत्रं लागल्यावानी ठेका. मी म्हनतो, विलंबित गाता नाई येत तं काऊन गाता?"

शेठजी मागे टेकून बसले होते. "माल अच्छा है, पॅकिंग बिघडली," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

सहा नंबरला मात्र खोली उठून बसली. सतारीचा झाला, म्हणजे शेवटचा द्रुत भाग, असा चालला होता की काकांची करंगळी खाली यायलाच वेळ मिळत नव्हता. संपल्यावर शेठजी जवळजवळ उभे होते. "अरे बाप्पा! मानूस हाये का मशीन?"

सरसुद्धा म्हणाले, "या हातांना थकवा माहीत नाही." मॅडमनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची ते मला कळलं नाही.

मग एकेकाने पडद्यामागे जाऊन दहा-दहा सरक्या टाकल्या. सतारीच्या वाटीत चाळीसपैकी चौदा निघाल्या, सगळ्यांत जास्त. चार नंबरच्या वाटीत दोन. दोन सरक्या स्टीलच्या वाटीच्या तळाशी फार लहान दिसतात.

सोमवारी सकाळी मी घरी यादीची स्वच्छ प्रत करत होते. मंगळवारी ती छापायला जायची होती. नाव, वाद्य, राग, लांबी असे रकाने. चार नंबरची लांबी फाइलवर पस्तीस मिनिटं होती. माझ्या वहीत, आदल्या दिवशी मी स्वतः टिपलेल्या वेळा होत्या: सुरुवात अकरा दहा, शेवट अकरा अडतीस. अठ्ठावीस मिनिटं. मी वजाबाकी पुन्हा केली. मग सहा नंबर काढला. फाइलवर वीस, वहीत सोळा.

फोन उघडला. स्पर्धा परीक्षेची व्याख्यानं मी ज्या ॲपवर ऐकते, ती दोन मुद्रणं मी त्याच ॲपमध्ये वाजवली होती. बाकीची सगळी दुसरीकडून वाजवली होती. या दोनच माझ्या फोनवर आलेल्या फाइल्स होत्या, म्हणून त्या इथे उघडल्या. तिथले इतिहासाचे सर फार संथ बोलतात, म्हणून मी त्यांना नेहमी सव्वापट वेगाने ऐकते. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: १.२५. हे ॲप पट्टी बदलत नाही, फक्त पळवतं. त्यामुळे आवाज चिरका झाला नाही आणि इतक्या तिखट कानांना फसवून गेला.

मी आकडा एकवर आणला, कानात इयरफोन घातले आणि चार नंबर सुरू केला. पहिल्या आलापातच मला रडू आलं आणि हसूही. ती बाई कुठेही घाईत नव्हती. एका गांधारावर ती एवढा वेळ थांबली की मी स्वतः श्वास घ्यायचं विसरले. तबल्यामागे कोणतंही कुत्रं लागलेलं नव्हतं.

आई पोळ्यांचं ताट घेऊन दारात उभी होती. "काऊन जेवून नाई राह्यली तू? केव्हाची आवाज देऊन राह्यली मी."

"आई, माझ्याकडून एक चूक झाली."

"कोनाले माहीत हाये का?"

"नाही. कोणाला कळणारही नाही."

आई ताट ठेवून गेली. तिच्यासाठी प्रश्न तिथेच संपला होता. माझ्यासाठी नाही. गप्प बसले तर यादी छापली जाईल, त्या बाईला एकही फोन येणार नाही, आणि का येत नाही हे तिला कधी कळणार नाही. बोलले तर चार जाणत्या माणसांना सांगावं लागेल की काल तुम्ही माना डोलावून ज्या सतारीला पहिलं केलंत ती तशी कोणी वाजवलीच नव्हती. सरांनी तर त्या हातांवर ओळीही लिहून ठेवल्या असतील. आणि पुढच्या वर्षी स्पीकर सांभाळायला ते दुसरं कोणी शोधतील. त्या खोलीतला माझा कोपरा मला किती हवा होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

दुपारी मी सरांकडे गेले. रस्त्यात तीन वाक्यं तयार केली होती. ते टेबलाशी बसून चष्मा कपाळावर चढवून लिहीत होते. "ये बेटा. प्रत झाली?"

तिन्ही वाक्यं गेली. मी वही टेबलावर ठेवली, स्पीकर लावला आणि चार नंबर सुरू केला.

सरांनी पेन हातातच ठेवून ऐकायला सुरुवात केली. नेहमीसारखे पंख्याकडे बघत. पंखा बंद होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पेन त्यांनी टोपण न लावता खाली ठेवलं. पस्तीस मिनिटं झाली. शेवटचा सा विरला तेव्हा ते म्हणाले, "हे कोणतं? हे आपण कसं नाही घेतलं?"

"सर, हे कालचंच आहे. चार नंबर." मग मी फोन त्यांच्यासमोर धरला, कोपऱ्यातला आकडा दाखवला, वहीतल्या वेळा दाखवल्या. माझा आवाज कापत होता, पण येत होता. "चूक माझी आहे. सतारसुद्धा तशीच वाजली."

सरांनी चष्मा खाली आणला, आकडे बघितले, मग टेबलावरच्या कागदावर स्वतःच लिहिलेल्या ओळी बघितल्या. आता रागावतील असं मला वाटलं. त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. इतके, की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला.

"या हातांना थकवा माहीत नाही," त्यांनी मोठ्याने वाचलं. "कसा असेल? हात तुझ्या फोनचे!" डोळे पुसून त्यांनी फोन उचलला आणि तिघांनाही एकच वाक्य सांगितलं, "संध्याकाळी या. आपण नापास झालो."

सहा वाजता सगळे जमले. काका डेपोतून ग्रीसचे हात तसेच घेऊन आले. मॅडम शाळेतून, वह्यांचं बोचकं घेऊन. शेठजी जामहून आल्या आल्या म्हणाले, "गिऱ्हाईक सोडून आलो, सर. कोनी मेलं-बिलं का?"

"आपले कान," सर म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून, "तू सांग."

मी सांगितलं. लांब नाही, पण सांगितलं. मग काकांनी मांडीवर अशी थाप मारली की ग्रीसचा पंजा पॅंटवर उमटला. "मी म्हनलंच होतं! कुत्रं लागलं म्हून मी म्हनलं होतं का नाई?"

"तुम्ही तबलेवाल्याला शिव्या दिल्या होत्या," मॅडम म्हणाल्या.

"पन कुत्रं तं ओळखलं!"

"अन्‌ शेठजी," काका वळले, "तुमची मशीन निघाली ना हो सतारवाली!"

शेठजींचे कान लाल झाले. "मी इचारलं होतं," ते म्हणाले. "मानूस हाये का मशीन, हे मी इचारलं होतं. कोनं जवाबच नाई देल्ला."

हसणं आवरल्यावर खरा प्रश्न निघाला, आणि तो काकांनी काढला. चेष्टा करणारा माणूस एकदम गंभीर झाला होता. "पन सर, नेम काय सांगते? पडलेली सरकी उचलाची नाई. आज या बाईसाठी उचलली, तं उद्या कोनीही म्हनन माझ्यासाठी उचला."

मला माहीत होतं की सगळं इथेच अडणार. नियम सरांचा होता आणि तो मोडायचा तर त्यांनाच मोडावा लागणार होता. त्यांनी वाट्या एकेक करून स्वतःपुढे ओढल्या.

"उचलायची नाही हे बरोबर," ते शेवटी म्हणाले. "पण टाकली कोणाला? जे गाणं आपण ऐकलं ते त्या बाईंनी गायलंच नाही. जी सतार ऐकली ती त्या माणसाने वाजवलीच नाही. ते दोघं अजून आपल्यापुढे बसलेच नाहीत. कालची बैठक अर्धीच झाली. ती आज पूर्ण करू, आणि मग सहाही वाट्यांत नव्याने टाकू."

काकांनी विचार केला. "हे चालते," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

मॅडम म्हणाल्या, "या खेपेला हिलाही दहा द्या. आपल्यापेक्षा हिनेच नीट ऐकलंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला ती सरकी हातात घ्यायची फार इच्छा झाली. "नको," मी म्हणाले. "मला नावं माहीत आहेत." सरांनी मान हलवली, आणि त्यावर कोणी आग्रह केला नाही.

चार नंबर लागला. मी फोनचा कोपरा तीनदा तपासला. मॅडमचा हात गळ्यावर गेला आणि हळूहळू तिथून सुटून मांडीवर येऊन पडला. इतका निवांत त्यांचा हात मी कधी पाहिला नव्हता. काकांची करंगळी दर समेला वर येत होती, आणि दोन समांच्या मधल्या लांबच लांब वाटेवर ते बारीक हसत होते. शेठजी मागे बसले, मग ताठ, मग पुढे, मग आणखी पुढे, इतके की मला वाटलं खुर्ची सोडतील. गांधार आला. ती थांबली. खोलीतल्या पाचही जणांनी श्वास रोखला असणार, कारण ती पुढच्या सुरावर गेली तेव्हा सगळ्यांचा एकदम सुटलेला ऐकू आला.

सतारही लागली. ती काही वाईट नव्हती. माणसाची होती, मध्येच जरा दम घेणारी, आणि मला तरी तशी जास्त आवडली. शेठजी खिन्न दिसत होते, पण संपल्यावर म्हणाले, "मानूसबी बरा हाये."

पडद्यामागे एकेक जण गेला. सरकी पडली तरी काहीच ऐकू येत नाही, तरी मी कान देऊन बसले होते. मोजणी सरांनी केली, मी लिहीत गेले. चार नंबर: अकरा. सहापैकी दुसरी. सतार सहा सरक्यांवर तिसरी, शेवटच्या जागेला कशीबशी चिकटून. आदल्या दिवशी तिसरं असलेलं सरोद एका सरकीने बाहेर गेलं. नावं वाचली तेव्हा ते सरोद एका फार मोठ्या माणसाचं निघालं, आणि शेठजींनी दोन्ही कानांना हात लावले.

"आता त्या बाईंना फोन कर," सर मला म्हणाले. दरवर्षी हे फोन ते स्वतः करतात.

मी अंगणात जाऊन फोन लावला. तिकडे कुकरची शिट्टी झाली आणि मग आवाज आला, "हॅलो, कोण?" तोच आवाज, पण गाण्यातल्यापेक्षा घाईतला. मी सांगितलं की तुमचं मुद्रण यंदाच्या नवांत आलंय. तिकडून, फोनपासून लांब, ओरडून, "अहो! गॅस बंद करा आधी!"

ती परत फोनवर आल्यावर मीच बोलले. सव्वापटीची सगळी गोष्ट सांगितली. न सांगताही चाललं असतं, पण मला तिच्यापासून ती लपवायची नव्हती. ती अशी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"घरी सगळे मला हेच म्हणतात हो," ती म्हणाली, "जरा लवकर आटप. म्हणजे तुम्ही आटपून पाहिलंत!" मग हसू थांबलं. "एक विचारू? बाकीच्यांचं राहू द्या. तुम्हाला कसं वाटलं?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले आणि सुरुवात केली गांधारापासून. मग आलापाकडे मागे गेले, मग तबल्याकडे, मग अंतऱ्यातली ती एक जागा, जी मला दुपारपासून सुटत नव्हती. ती मध्ये मध्ये "हो?" म्हणत होती, "खरंच?" म्हणत होती. खोलीतून काकांनी दोनदा हाक मारली की चहा थंड होऊन राह्यला. मी हाताने त्यांना थांबा म्हणून खूण केली आणि बोलत राहिले.